वल्हं बाबांच्या हातात होतं

आमच्या गावचा तलाव बोथच्या रस्त्याला लागून आहे. बाबा तहसिलीत कारकून होते. रविवारी ऊन कललं की ते शेजारच्या भोयाचा डोंगा मागून आणायचे. मला पुढे बसवायचे, स्वतः मागे बसून वल्हं मारायचे. माझ्या हातात मोबाईल. सूर्य पाण्याला टेकायला आला की मी फोटोंचा सपाटा लावायचे आणि बाबा मागून ओरडायचे, "आटप ना माय! तो काय तुयासाठी थांबून राह्यला?"

"बाबा, तुमचा काढू का एक?"

"माया कायले काढतं? मायं थोबाड तं तू रोजच पाह्यतं."

त्या सगळ्या फोटोंत सूर्य अगदी मधोमध आहे. पुढे आदिलाबादला नोकरीला लागले, तेव्हा ऑफिसातल्या बायका ते फोटो बघून म्हणायच्या, तुझा हात किती स्थिर आहे गं! मी आपली फुशारून जायचे.

गेल्या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणंही जड झालं. दिवसभर ते खिडकीजवळच्या खाटेवर पडून असतात, आणि खिडकी नेमकी पूर्वेची. परवा सुटीत गावी गेले, तर म्हणाले, "तलावावर जाऊन ये. मी फोटोत पाह्यतो."

एकटीच गेले. वल्हं मारायचं तर हात मोकळा नाही, आणि वल्हं ठेवून मोबाईल काढावा तर डोंगा हळूच फिरायचा. पुन्हा सूर्याकडे वळवावा, की हा पुन्हा काठावरच्या बाभळींकडे. असं किती वेळा झालं कोण जाणे. मग लक्षात आलं. इतकी वर्षं माझा हात स्थिर नव्हताच, बाबा मागे बसून डोंगा सरळ धरत होते. मला सूर्यबिर्य काही नको होता. मागून कोणीतरी ओरडायला हवं होतं.

कसाबसा एक फोटो काढला आणि घरी येऊन त्यांच्यापुढे धरला. तिरपा आला होता. सूर्य उजव्या कडेला, तोही अर्धाच.

बाबांनी मान जराशी तिरकी करून पाहिलं.

"डोंगा... डावीकडं फिरला," ते म्हणाले. "डावीकडून एक वल्हं मारा लागत होतं."

आणि चादरीवरचा त्यांचा डावा हात जरासा मागे सरकला.