कड्यावरचा दुसरा माणूस

डोंगरातल्या त्या रस्तेकचेरीत नकाशे काढणाऱ्या गृहस्थाला सगळे 'जमीनदार' म्हणत. नावावर वीतभर जमीन नव्हती. पण दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे म्हटले की त्याला दरदरून घाम फुटे. कपाटावरची नकाशाची गुंडाळी काढायला स्टुलावर चढणेही तो शिपायावर सोपवी. बावन्नाव्या वर्षी कचेरीत ड्रोन आला, तेव्हा तो चालवायला शिकण्यासाठी सर्वांत आधी पुढे सरसावला तो हाच. डोंगर यंत्राने चढावा आणि आपण खाली सपाटीवर उभे राहून पडद्यात पाहावे, यापरते सुख कोणते?

त्या सुखाच्या भरात त्याने एक अहवाल लिहिला. कड्यापलीकडच्या घळीत बर्फ किती साचले ते मोजायला दर मंगळवारी दोन माणसे जात. एक घळीत उतरून खांबावरचे आकडे वाची. दुसरा कड्यावर उभा राहून त्याच्यावर नजर ठेवी. 'ड्रोन उपलब्ध झाल्याने दुसऱ्या माणसाची आवश्यकता उरत नाही,' असे जमीनदाराने सुवाच्य अक्षरांत नमूद केले. छताच्या गळतीचा अर्ज दोन वर्षे दाबून ठेवणाऱ्या साहेबांनी हा कागद तिसऱ्या दिवशी मंजूर केला. माणूस कमी करायचा असला की कचेरीची शाई कितीही थंडीत गोठत नाही.

उरलेला पहिला माणूस म्हणजे जमीनदाराचा सख्खा मेहुणा.

त्या मंगळवारी सकाळी मेहुणा बुटांचे बंद आवळत होता आणि जमीनदार बनियनला शिवून घेतलेल्या खिशांत ड्रोनच्या बॅटऱ्या सरकवत होता. गारठ्यात त्या मरगळत. अंगाच्या उबेत ठेवल्या तरच चालत.

"भावजी, अंडी उबवताय उबवा, पण पिल्लं कधी निघणार?"

"तू आधी आकडे नीट आण. गेल्या खेपेचा सात होता की एक, देवालाच ठाऊक."

नारिंगी कोट चढवून मेहुणा हसत निघाला. जमीनदाराने त्याला कड्यापर्यंत पडद्यात पाहिले, मग यंत्र खाली उतरवले. यंत्र आणि चालवणारा यांच्यामध्ये डोंगर आला की चित्र तुटते, हे त्याला पहिल्याच आठवड्यात कळले होते. तरीही दोन महिने तो कड्याअलीकडचेच पाहत होता आणि वहीत 'पलीकडे सर्व ठीक' असे लिहीत होता.

अकराला मेहुण्याने वायरलेसवर बोलायचे होते. अकरा वाजले, बारा वाजले. वायरलेसमधून नुसती खरखर. साडेबाराला बायकोचा फोन आला. "अहो, भाऊ अजून जेवायला नाही आला. तुमच्याकडे आहे का?"

"येईल," तो म्हणाला. 

त्याने साहेबांना कळवले.

"मदतपथक चारपर्यंत पोचेल. तोवर तुमचं ते यंत्र पाठवा की!"

"साहेब, त्याला कड्यापलीकडचं दिसत नाही. चालवणारा कड्यावर उभा हवा."

"मग करा कुणाला तरी उभं."

"माणूस नाही, साहेब."

"का नाही?"

"मीच लिहिलं होतं, साहेब. नको म्हणून."

पलीकडून कागद चाळल्याचा आवाज आला. जमीनदाराने फोन ठेवला, यंत्र पाठीला बांधले आणि चढू लागला.

पाऊण तासाची ती वाट त्याने दीड तासात कापली. शेवटचा टप्पा चार हात रुंद होता. तो त्याने रांगत पार केला. हवा इतकी विरळ की चार श्वास घ्यावेत तेव्हा एक पुरा पडावा. डावीकडची दरी दिसू नये म्हणून तो उजवीकडे पाही, आणि उजवीकडेही तेच होते.  कड्यावर पोचल्यावर त्याला उभे राहवेना; एका दगडाला पाय रेटून तो बसला आणि पोटाजवळची बॅटरी काढली.

यंत्र उडाले, पण वाऱ्याने ते पतंगासारखे भिरकावले. खाली वीस मिनिटे टिकणारी बॅटरी इथे आठच मिनिटांची. घळ पांढरी होती, रिकामी होती. पाच मिनिटे गेली. 'ह्यापेक्षा आपणच कोसळलो असतो तर परवडलं असतं,' असे त्याच्या मनात आले, आणि तेवढ्यात खडकाच्या कुशीत नारिंगी ठिपका दिसला. हलत नव्हता. त्याने यंत्र खाली, आणखी खाली नेले. पडदा लाल होऊन ओरडू लागला. परत बोलावले नाही तर यंत्र गेलेच. बोलावले तर हे कळणार नव्हते, जिवंत की...

त्याने बोलावले नाही.

ठिपक्यातून एक हात वर आला.

यंत्र मेहुण्याच्या शेजारीच बर्फात बसले आणि पडदा काळा झाला. जमीनदाराने वायरलेसवर जागा सांगितली, एकदा नव्हे, पाच वेळा, अंतरासकट. नकाशे काढणारा माणूस. तेवढे तरी त्याला येत होते.

पथकाने मेहुण्याला वर आणले तेव्हा त्याची मांडी मोडलेली होती आणि ओठ निळे पडले होते. "घुर्रर्र ऐकलं," तो पुटपुटला, "म्हटलं, निघालं एकदाचं भावजींचं पिल्लू." जमीनदाराला हसू आले नाही. कड्यावरून खाली उतरवायला त्याच्याच कमरेला दोर बांधावा लागला.

दवाखान्याच्या बाकावर बायकोने विचारले, "त्याला एकट्याला पाठवायचं हे कुणाच्या डोक्यातून निघालं हो?"

"माझ्या."

ती उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसली.

दुसरा माणूस परत द्यावा, असा अर्ज त्याने त्याच आठवड्यात केला. उत्तर आले: सदर घटनेने ड्रोनची उपयुक्तता सिद्ध झाली असून वेगळ्या माणसाची गरज दिसत नाही. नवे यंत्र मात्र लगेच मिळाले.

आता मेहुण्याच्या जागी दुसराच कुणी घळीत उतरतो. यंत्र कचेरीच्या कपाटात पडून असते. दर मंगळवारी जमीनदार रांगत कड्यावर जातो, त्याच दगडाला पाय रेटतो आणि खालचा माणूस वर येईपर्यंत डोळ्याचे पाते लवू देत नाही. भीती तसूभर कमी झालेली नाही. सोमवारी रात्री त्याला जेवण जात नाही.