कोरड्या गुळण्या

जर्मन उच्चार शिकवणाऱ्या सरांना सिस्टरने पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते मरायला टेकले आहेत अशी तिची खात्रीच झाली. मान ताणलेली, डोळे बटाट्याएवढे आणि घशातून कोरड्या गुळण्यांचा आवाज. वॉर्डात जन्म गेलेली बाई ती. तिने पर्स फेकली, बाक ओलांडले आणि सरांच्या पाठीत असा दणका घातला की त्यांची कवळी टेबलावर जाऊन बसली.

"अहो बाई, मी 'आख' म्हणत होतो," कवळी पुसत सर म्हणाले. "बसा. श्वास चांगला आहे तुमचा."

जर्मनीतल्या वृद्धाश्रमांत नोकरी मिळावी म्हणून नर्सेस त्या क्लासला येत. लिहायचं व्ही, म्हणायचं फ. लिहायचं डब्ल्यू, म्हणायचं व. "'ई' म्हणा, जीभ तिथेच ठेवा, आता ओठांचा 'ऊ' करा!" भांडी घासताना सिस्टर असे ओठ काढी की सासूबाई विचारत, "कुणाला वेडावतेस गं?" सरांनी मात्र हे सगळं जुन्या कॅसेटी झिजवून कमावलेलं. खरा जर्मन माणूस त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

तो आला नर्सेसच्या मुलाखती घ्यायला. क्लासच्या मालकांनी आधीच बजावलं, "पाहुण्यांना तुमचं जर्मन पटलं तर राहा, सर. नाहीतर मी कॉम्प्युटरवरचे धडे आणतो."

सर इस्त्रीचा कोट घालून आले आणि असं बोलले की एक स्वर हलला नाही. पाहुणे गोड हसून इंग्रजीत म्हणाले, प्रवास छान झाला. सर पुन्हा जर्मनमध्ये. पाहुणे पुन्हा इंग्रजीत. परक्याला त्रास नको म्हणून इंग्रजीवर यायचं, ही त्यांची सभ्यता. तिकडे गेलेली मैत्रीण फोनवर हेच रडगाणं गाई, त्यामुळे सिस्टरला ते ठाऊक होतं.

"बघा, यांचं त्यांना ओ की ठो कळत नाहीये!" मालक कुजबुजले.

सरांनी सिस्टरकडे पाहिलं. तिच्या एका वाक्याने काम झालं असतं. पण मुलाखतीला पहिला नंबर तिचा होता आणि शिफारस मालकांच्या हातात. ती ओढणी नीट करत बसली.

मुलाखतीत पाहुण्यांनी तिच्या उच्चारांचं तोंडभरून कौतुक केलं. मालक म्हणाले, "आमच्या क्लासची मेहनत."

सिस्टरची निवड झाली. सरांना महिनाअखेरीस काढलं.