दोनदा तपासलेला पत्ता

मला मुळात एका जागी स्वस्थ बसवत नाही, आणि तेव्हा तर नोकरी कायम व्हायची होती. सिल्वासातली आमची छोटी कंपनी धाग्याच्या कारखान्यांसाठी कंट्रोलर, म्हणजे मशीन चालवणारे डबे, बनवते. त्याच्या कर्नेलमधलं, म्हणजे अगदी मुळाशी चालणाऱ्या प्रोग्रॅममधलं, मेमरीचं काम सर आणि मी बघायचो. मला कायम करायचं की नाही, ते सरच सांगणार होते. ते पुण्याचे, केस पिकलेले, माझ्या कोडबद्दल बरं-वाईट एक अक्षर न बोलणारे. मला वाटायचं, हे वाचतच नाहीत. रागही यायचा.

कोडमधला माझा भाग मेमरीतली मोकळी जागा शोधून तिचा पत्ता सरांच्या भागाकडे द्यायचा. मेमरी संपली असेल तर पत्ता रिकामा यायचा, आणि रिकामा पत्ता वापरला की कंट्रोलर जागीच अडकायचा. म्हणून देण्याआधी मी तपासायचे, आणि घेताना सरांचा भाग पुन्हा तपासायचा. एकच गोष्ट दोनदा! असलं काही दिसलं की माझे हात शिवशिवतात. एका सकाळी मी माझी तपासणी काढून टाकली. सर तपासतात, मग मी कशाला? नुसत्या ओळी काढायच्या असतील तर एकमेकांना दाखवायची आमच्याकडे पद्धत नव्हती. ऑफिसातल्या चाचण्या सुरळीत झाल्या, कारण तिथे मेमरी कधी संपायचीच नाही.

जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात हा नवा कोड घालून लावून पाहिलेला कंट्रोलर त्याच दुपारी बंद पडला. मालक, सर आणि मी गाडी काढून तिकडे गेलो. मशीनवरचा नंदुरबारचा ऑपरेटर म्हणाला, "ताई, सगळ्या लाइनी एकदम चालू केल्या अन् डब्बा हँग. बटणबी चालत नाही." मी तिथेच जमिनीवर लॅपटॉप उघडून बसले. एवढ्या लाइनींना मेमरी पुरली नव्हती. माझी तपासणी नव्हती, ते मला ठाऊकच होतं. सरांची फाइल उघडली, तर तिथेही नव्हती. त्याच सकाळी त्यांनीही ती काढली होती. फाइली वेगळ्या, म्हणून दोन्ही बदल जोडताना काहीच अडलं नाही.

"किसका चेंज था?" मालकांनी विचारलं.

"लास्टवाला मेरा," मी म्हणाले. गप्प बसणं मला जमत नाही. "और उसके पहले सर का."

मालक सरांकडे बघायला लागले. सर शांतपणे चष्मा पुसत होते. त्या शांतपणाने माझं डोकं आणखीच फिरलं.

"सर, तुम्ही का काढलीत?"

"तुझी तपासणी होती ना आधीच," ते म्हणाले. "तुझं रोज वाचतो मी. तू तपासलंयस म्हटल्यावर मी परत कशाला बघू?"

हे ऐकायला मी किती महिने तडफडत होते, आणि ते असं, बंद मशीनपुढे, मालकांसमोर. मला रडूच फुटलं.

"मग सांगायचं ना सर," मी जवळजवळ ओरडलेच, "मी ती ओळ काढलीच नसती!"