डेसची शिट्टी

नॉर्मन ट्रँटर आणि माझ्यामध्ये विटांची एकच भिंत. त्याच्या घरी रेकॉर्डवर सुई टेकली की इकडे माझ्या फडताळातल्या बशा थरथरायला लागत. इंग्लंडातल्या आमच्या क्रॅडली हीथमध्ये घरं अशीच, एकाला एक चिकटलेली, त्यामुळे शेजाऱ्याचा खोकला, भांडण, गाणं सगळं सामायिक. मी झाडूच्या दांड्याने पुष्कळदा भिंत ठोकली. पूर्वी त्याला ते ऐकू जाई आणि तो जुमानत नसे. पुढे पुढे ऐकूच जाईना.

माणूस वाईट नव्हता. शाळा सुटली तसा फोर्जमध्ये, लोखंड ठोकून घडवायच्या कारखान्यात, मोठ्या यांत्रिक घणावर लागला आणि पेन्शनीपर्यंत तिथेच राहिला. तो घण पडला की रस्त्यावरच्या माणसाच्या पोटात हादरा बसायचा, आणि हा त्याच्या पुढ्यात दिवसभर उभा. पुढे कधीतरी तिथे कानांवर लावायला जाड टोपणं आली, तर सगळे गडी खो खो हसले. "बायकांना थंडीत लागतात ही!" नॉर्मनने आपली टोपणं खुंटीला अडकवली ती कायमची.

आणि हाच माणूस घरी आला की वेगळाच. पुढच्या खोलीत टर्नटेबल फरशीच्या जड तुकड्यावर ठेवलेलं, ती फरशी पाणसळ लावून सपाट केलेली. स्पीकर भिंतीपासून एवढे पुढे ओढलेले की बेरिलला, त्याच्या बायकोला, खिडकी पुसायला आडवं होऊन शिरावं लागे. अँप्लिफायर तापेपर्यंत कोणी बोलायचं नाही. रेकॉर्ड फक्त कडांनी धरायची, मऊ ब्रशने धूळ काढायची, मग सुई उतरवायची. लग्नाच्या रात्री त्याने बेरिलला इतक्या हळुवारपणे हात लावला नसेल, असं मी तिला म्हणे, आणि ती हसून चहा ओतत राही.

एका नोव्हेंबरात त्याने मला त्याच्या खुर्चीत बसवलं. खरं सांगते, मी पुढे सरसावले. गिटार डावीकडे, हात लांब केला तर लागेल एवढी जवळ. ड्रमवाला मागे, आणि त्याच्या पायाखालची फळी करकरलेली कळत होती. गाणारा ओळ उचलण्याआधी श्वास घेत होता, तोही कळत होता. भिंतीतून मला नुसता धडधडाट येई. त्यात एवढी जिवंत माणसं राहतात हे मला ठाऊक नव्हतं.

ती रेकॉर्ड आमच्याच भागातल्या पोरांच्या रॉक बँडची. एका हॉलमध्ये लोकांसमोर वाजवलेलं जसंच्या तसं उतरवलेलं. थोड्याच प्रती निघाल्या आणि बँड बुडाला. त्या गर्दीत नॉर्मनचा धाकटा भाऊ डेस होता. दुसरं गाणं संपतं, टाळ्या विरतात, गिटारवाला तारा जुळवायला लागतो, आणि मागून, उजव्या कोपऱ्यातून, दोन बोटं तोंडात घालून मारलेली शिट्टी येते. उंच, बारीक, शेवटी वर वळलेली. घणाच्या आवाजात एकमेकांना हाक द्यायला फोर्जमधली पोरं शिट्ट्या मारत, पण ते शेवटचं वळण फक्त डेसचं. त्याच हिवाळ्यात त्याची मोटारसायकल बर्फावरून घसरली आणि डेस गेला. त्याचा आवाज म्हणून ट्रँटरांच्या घरात एवढंच उरलं. साध्या यंत्रावर ती शिट्टी टाळ्यांत बुडून जाई, म्हणून नॉर्मनचा हा सगळा खटाटोप.

सुई प्रत्येक वेळी रेकॉर्डची खाच थोडी थोडी खाते आणि सगळ्यांत आधी बारीक आवाज जातात, असं त्याने कुठल्याशा मासिकात वाचलं. झालं. डेसची रेकॉर्ड वर्षातून एकदाच लागणार, नोव्हेंबरात, त्याच्या वाढदिवशी. एरवी कपाटात उभी.

त्यांची आई, एडनामावशी, दर रविवारी जेवायला येई आणि पुडिंग संपलं की सुरू करी.

"नॉर्मन, लाव ना रे आपल्या डेसला."

"आई, झिजेल ती."

"झिजू दे. मीही झिजतेच आहे."

"नोव्हेंबरात लावतो."

शेवटी त्याने तिला कॅसेट भरून दिली. म्हातारीने एकदा ऐकली आणि परत केली. "हा माझा डेस नव्हे," म्हणाली. "ही उकळल्यावर वाजणारी किटली आहे."

मग तिच्या पोटात गाठ निघाली. जूनमध्ये त्यांनी तिला आपल्या घरी आणलं आणि पुढच्या खोलीतच, दोन स्पीकरांसमोर, पलंग टाकला. मी सूप घेऊन गेले होते.

"आज लाव, राजा," ती म्हणत होती. "एकदाच."

"आई, आता नोव्हेंबरातच. पाचच महिने राहिलेत."

"तुला राहिलेत."

मला राहवलं नाही. "अरे दगडा, लाव की!"

"डोरीन, तू तुझा वाडगा घे आणि जा घरी," तो म्हणाला. "एकदा लावली की रोज मागेल. मग राहील काय?"

ऑगस्टमध्ये मावशी गेली. नोव्हेंबरात त्याने एकट्याने दार लावून रेकॉर्ड लावली. मला त्याचा संताप आला होता. अजून येतो.

पुढे बरीच वर्षं गेली. नॉर्मन निवृत्त झाला, आणि एका नोव्हेंबरात बेरिल माझ्याकडे आली ती चेहरा पाडून. "शिट्टी गेली म्हणतोय गं. खाच झिजली म्हणतोय."

"तुला आली ऐकू?"

"स्वच्छ."

त्याने सुई बदलली. मग अँप्लिफायर बदलला. मोटार विकून नवे स्पीकर आणले. आवाज वाढत गेला, समोरचे लोक तक्रार घेऊन दारात आले, तर हा त्यांच्यावरच ओरडला. आपल्याला जरा कमी ऐकू येतं हे त्याला माहीत होतं, फोर्जमधल्या सगळ्यांचं तसंच. पण ड्रम ऐकू येतो, गाणारा ऐकू येतो, म्हणजे कान ठीक, असा त्याचा हिशेब.

"सांगून टाक त्याला," मी बेरिलला म्हटलं.

"दोष सुईचा आहे तोवर बरं आहे, डोरीन. एकदा सुईचा नाही म्हटलं, की कोणाचा?"

शेवटी त्याने ती रेकॉर्ड जवळच्या स्टोरब्रिज गावी, रेकॉर्डच्या एका दुकानात तपासायला न्यायचं ठरवलं. मोटार नव्हती, म्हणून त्याला आणि बेरिलला मी माझ्या गाडीतून नेलं. दुकानदाराने दिव्याखाली धरून, भिंग लावून खाचा पाहिल्या आणि मान वर केली.

"ही तर नव्यासारखी आहे. वाजवलीच नाही की काय कधी?"

"काय?" नॉर्मनने कानामागे हात धरला.

"नवी आहे, नवी!"

"मग शिट्टी कुठे गेली?"

दुकानदाराने त्याच्याकडच्या सगळ्यांत मोठ्या स्पीकरांवर रेकॉर्ड लावली. दुसरं गाणं संपलं. टाळ्या विरल्या, तारा जुळायला लागल्या. बेरिलने माझा हात धरला. आणि डेस आला, इतका लख्ख, की दुकानदाराने दचकून उजव्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि हसला.

"अरे वा! कोण हा?"

नॉर्मन स्पीकरांकडे पाहत नव्हता. तो दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत होता. मग बेरिलकडे वळला.

"आता आली?"

तिने होकाराची मान हलवली.

"दर वर्षी येत होती?"

तिने पुन्हा हलवली. तो खुर्चीवर बसला. दुकानदार बिचारा रेकॉर्ड पाकिटात घालत म्हणाला, "जपलीत मात्र फार छान."

परत येताना तो माझ्या शेजारी बसला, रेकॉर्ड मांडीवर. बेरिल मागे. तो खाली मान घालून स्वतःशीच काहीतरी पुटपुटायला गेला. पण बहिऱ्या माणसाला आपला आवाज केवढा निघतो ते कळत नाही. अख्खी गाडी भरून गेली.

"आईचे कान चांगले होते! शेवटपर्यंत चांगले होते!"