देशाचे नाव नसलेला फळा

नववीला रशियन राज्यक्रांती शिकवताना मी फळ्याचे दोन भाग करते. डावीकडे कारणे, उजवीकडे परिणाम. मस्कतजवळच्या एका भारतीय शाळेत ही शिस्त अधिकच उपयोगी पडते. राजा असलेल्या देशात राजा उलथवल्याचा धडा शिकवायचा, तर शब्द मोजके आणि जागच्या जागी हवेत. म्हणून मी त्या सम्राटाला विशेषणे लावत नाही आणि तास संपला की फळा स्वतः पुसते.

त्या दिवशी तो पुसायचा राहिला. पर्यवेक्षिकांनी बोलावले म्हणून मी घाईने बाहेर पडले आणि विसरलेला वह्यांचा गठ्ठा घ्यायला परत आले. पुढचा तास अरबीचा होता. अरबी शिकवणाऱ्या ओमानी बाई फळ्यासमोर उभ्या राहून त्याचा फोटो घेत होत्या. मला पाहताच त्यांनी फोन पर्समध्ये टाकला.

"टीचर, तुमचं अक्षर फार छान आहे," त्या हिंदीत म्हणाल्या. भारतीय मुलांमध्ये राहून त्यांची हिंदी आमच्याइतकीच सफाईदार झाली आहे.

मी फळ्याकडे पाहिले. परिणामांची बाजू अजून रिकामी होती. कारणांच्या बाजूला लिहिले होते: राज्यकर्ता कुणाचे ऐकत नव्हता, जमीन थोड्यांच्या हाती होती, भाकरी महाग होती, विरोधात बोलण्याची मुभा नव्हती. देशाचे नाव कुठेच नव्हते. धडा कोणत्या देशाचा, हे वर्गाला ठाऊक असल्याने मी ते लिहिलेच नव्हते. फोटो पाहणाऱ्याला मात्र ते कसे कळणार?

नवऱ्याचा दुक्म बंदरावरचा प्रकल्प संपला होता. तिघांचे इथले वास्तव्य आता माझ्या नोकरीवर होते, माझ्या कंत्राटाचे नूतनीकरण व्हायचे होते आणि मुलीची दहावीची परीक्षा काही महिन्यांवर आली होती. अशा वेळी शाळा बदलून भारतात जाणे म्हणजे तिचे वर्ष घालवणे.

"अगं, अक्षर खरंच छान आहे तुझं," रात्री घरी सगळे ऐकून नवरा म्हणाला.

"त्यासाठी कुणी फोटो काढतं?"

"तू कारणं लिहिलीस ना? परिणाम आता आपण भोगू."

मुलगी हसली नाही. "आई, प्लीज, माझी एक्झाम होईपर्यंत नुसतं पाण्याचं चक्र वगैरे शिकव ना."

दुसऱ्या दिवसापासून मी फळ्यावर सर्वांत वर 'रशिया' असे ठळक लिहू लागले आणि त्याखाली 'शंभर वर्षांपूर्वी'. "मॅम, वी नो इट्स रशिया," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. मी तिला सांगितले की संदर्भ दिल्याशिवाय विधान पूर्ण होत नाही.

पुराव्याशिवाय निष्कर्ष काढू नये, हे मी मुलांना बजावते. पण पुरावा आपणहून जमू लागला. इतरांची नूतनीकरणाची पत्रे आली, माझे आले नाही. प्राचार्य जिन्यात भेटले आणि नेहमीपेक्षा जास्त हसले. अरबीच्या बाई शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसू लागल्या. घर अल खौदमध्येच ना? नवरा सध्या काय करतो? एरवी हे प्रश्न मला आपुलकीचे वाटले असते.

एका दुपारी त्या म्हणाल्या, "तो फोटो मी वडिलांसाठी काढला होता. त्यांना तुम्हाला भेटायचंय. शुक्रवारी सीबला आमच्या घरी या."

"ते इतिहास वाचतात?"

"ते दक्षिणेकडचे आहेत, टीचर. तरुणपणी डोंगरात होते."

एवढे वाक्य इथे पुरेसे असते. ओमानच्या दक्षिणेतल्या डोंगरांत एके काळी साम्यवादी बंडखोर सुलतानाविरुद्ध लढले होते. इतक्या वर्षांत त्या युद्धाविषयी कुणी माझ्याशी आपणहून बोलले नव्हते.

"नाही म्हणालीस तर घाबरलीस असं दिसेल," नवरा म्हणाला. "गेलीस तर रस आहे असं दिसेल. मी येतो बरोबर, निदान खजूर तरी खाऊ."

म्हातारे गृहस्थ बैठकीत गालिच्यावर टेकून बसले होते. कहवा झाला. मग बाईंनी फळ्याचा फोटो उघडून फोन आमच्या मधोमध ठेवला. वडील जी डोंगरी बोली बोलत होते, तिच्यातला एक शब्दही माझ्या ऐकण्यातला नव्हता. लेक सांगेल तोच अर्थ मला धरून चालायचे होते.

ते एकेका ओळीवर बोट ठेवू लागले. हे होते. हेही होते. 'भाकरी महाग' या ओळीवर त्यांनी मान हलवली.

"म्हणतात, हे चूक. विकत घ्यायला भाकरीच नव्हती," बाई म्हणाल्या. "शाळा नव्हती, दवाखाना नव्हता."

मग त्यांचे बोट रिकाम्या बाजूवर आले. नवा सुलतान आला, त्याने शरण आलेल्यांना माफी दिली. रस्ता झाला, दवाखाना झाला, शाळा झाली. याच मुलीला त्या शाळेने शिक्षिका केले. त्यांचे काही सोबती मात्र डोंगरातून परतलेच नाहीत.

"ते विचारतायत, आम्ही मागितलं ते राजानेच दिलं. मग टीचर या बाजूला काय लिहितील? आम्ही जिंकलो की हरलो?"

दोघेही माझ्याकडे पाहत होते. फोनचा पडदा काळा झाला होता, पण तो नुसता विझला होता की आत रेकॉर्डिंग चालू होते, हे मला सांगता येत नव्हते. मुलीची परीक्षा डोळ्यांसमोर आली.

"परीक्षेत दोन्ही उत्तरांना गुण मिळतात," मी म्हणाले. "स्पष्टीकरण नीट दिलं तर."

नवरा खोकला. बाईंनी भाषांतर केले. वडील थोडकेच काही बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणतात, शरण आल्यावर चौकशी करणाऱ्यांना तेही असंच उत्तर द्यायचे."

वडिलांनी स्वतःच्या हाताने माझ्या पेल्यात कहवा ओतला आणि विषय मस्कतच्या उकाड्याकडे नेला.

पुढच्या आठवड्यात माझे नूतनीकरणाचे पत्र आले. मुलगी इथूनच परीक्षेला बसेल. ते त्या भेटीमुळे आले, भेट होऊनही आले, की भेटीशी त्याचा काहीच संबंध नव्हता, हे ठरवायला माझ्याजवळ पुरावा नाही, आणि तो मागायला मी कुणाकडे गेलेले नाही.