अल धैदच्या ओंब्या

लोकांच्या मुली दुबईत आयांना सोन्याच्या बाजारात नेतात. माझ्या मुग्धाने मला गव्हाच्या शेतावर नेले. ही २००३च्या फेब्रुवारीतली गोष्ट. तुम्हालाही जायचे असेल तर याच दिवसांत जा. मे महिन्यात गेलात तर गव्हाऐवजी तुम्हीच भाजून निघाल.

दुबईतल्या अल मनखूल भागातल्या तिच्या घरून सकाळी निघालो. शारजाच्या औद्योगिक भागातली गॅरेजे आणि ट्रक संपता संपेनात. पुढे, शेत होते त्या अल धैदपर्यंत रस्ता इतका गुळगुळीत, की मला रागच आला; कर तर आम्ही भरतो! वाटेत मल्याळी हॉटेलात चहा-पराठा जरूर घ्या. दोन दिरहम, म्हणजे पंचवीस रुपये. हे मी मोठ्याने म्हटले.

"आज्जी, प्लीज डोन्ट कन्व्हर्ट," नात रिया मागच्या सीटवरून म्हणाली.

तांबूस वाळू सुरू झाली आणि तिच्यात एकदम हिरवे चौकोन दिसले. तिथल्या संशोधन केंद्रात मुग्धा गव्हाच्या चाचण्या घेत होती. तेच वाण आसपासच्या देशांतही पेरलेले. काही हिवाळी, काही वसंती, प्रत्येकाचे चार वाफे. वसंती गव्हाला भरदार ओंब्या आल्या होत्या. हिवाळी वाणांना कडक थंडी लागते, ती तिथे कुठली? ते नुसते गवतासारखे पसरले होते. परिस्थिती मनासारखी होईपर्यंत हातपाय न हलवणारे असे नग आमच्या नात्यातही आहेत. मुग्धाचा करार एकाच हंगामाचा होता. आकडे चोख आले, तरच पुढच्या वर्षीची चाचणी तिच्याकडे.

ती ऑफिसात फोनवर असताना तिथले मुकादम, फलटणचे शेलार, पुढे आले. "आई, या दिवसांत शेतावर आलेलं माणूस ओंब्या खाल्ल्याबिगर जात नसतं." त्यांनी खजुराच्या वाळक्या झावळ्यांवर ओंब्या भाजल्या, तळहातावर चोळून फुंकल्या. मी दोन मुठी खाल्ल्या. बरं, तीन.

मुग्धा बाहेर आली आणि वाफ्याच्या मधल्या ओळींतली खुडलेली ताटे मोजू लागली. "शेलारकाका, फक्त कडेच्या ओळी तुमच्या म्हटलं होतं ना! मधल्यांचंच वजन करायचं असतं!"

"मॅडम, तुमच्या आईंना कडेचं देऊ?" शेलार खरोखर दुखावले होते.

"पाखरांनी खाल्लं म्हण," मी सुचवले.

"आई, वाफ्यावर जाळी आहे. आणि नसती, तरी म्हटलं नसतं."

तिचे साहेब, सिरियाचे एक वयस्कर डॉक्टर, आले. मुग्धाने सरळ माझ्याकडे बोट दाखवले. त्यांनी राखेतली एक ओंबी उचलून चोळली, तोंडात टाकली आणि क्षणभर डोळे मिटले. मग इंग्रजीत म्हणाले, "आमच्या गावीही हिरवा गहू असाच भाजतात. पण हा वाफा खलास. उरलेले तीन एकमेकांशी जुळले तर ठीक, इन्शाल्ला."

परतीच्या वाटेवर त्याच हॉटेलात मुग्धाने चहाचे पैसे दिले. या वेळी मी रुपयांत काही सांगितले नाही.

पुण्यात परतल्यावर फोन वाजला की मी 'हॅलो'च्या आधी 'जुळले का?' विचारायचे. मे महिन्यात तिने कळवले: तीनही वाफे जुळले, पुढची चाचणी तिचीच! सोबत अहवालाची प्रत पाठवली. नुकसानीच्या कारणांच्या यादीत 'वाळूचे वादळ'च्या खालच्याच ओळीत माझी नोंद होती: 'पाहुणी'.

मी ताबडतोब फोन लावला. "एवढं खरं लिहिलंस, तर 'आई' लिहायला काय झालं होतं?"