तेल न खाणारं इंजिन

शिवाप्पा मिस्त्रीने बांधलेलं इंजिन तेल खात नाही, असं कोल्हापूरच्या उद्यमनगरात सगळे म्हणायचे आणि शिवाप्पा स्वतः सगळ्यांत मोठ्याने म्हणायचा. गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी तो सायलेन्सरच्या तोंडाशी पांढरा रुमाल धरायचा. रुमालावर तेलाचा डाग दिसला की इंजिन परत उघडायचं, मग गिऱ्हाईक कितीही खोळंबलेलं असो. माझं बेअरिंगचं दुकान त्याच्या गॅरेजसमोरच असल्यामुळे हा सोहळा मी वीस वर्षं फुकट पाहिला.

कृष्णात त्याचा जोडीदार. लेथ आणि ग्राइंडिंगचं सगळं काम त्याच्याकडे. शिवाप्पा बोलायचा आणि कृष्णात राबायचा असं म्हटलं तर शिवाप्पावर अन्याय होईल, पण थोडाच.

शहाण्णव साली जयसिंगपूरच्या धनपाल अण्णांनी कुठूनशी एक जुनी जपानी गाडी आणली. तिच्या इंजिनात पिस्टनच नव्हते. त्याऐवजी तिकोनी रोटर गोल फिरायचे आणि त्यांच्या टोकांना पट्टीसारखी सीलं बसवलेली होती. सीलं झिजली होती आणि नवी मिळत नव्हती. कृष्णातने पंधरा दिवस खपून बिडाची सीलं घासून काढली, शिवाप्पाने इंजिन बांधलं. गाडी पळाली. अण्णांनी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले.

चार महिन्यांनी अण्णा परत आले.

"मिस्त्री, पळायला झकास हाय. पर गरम झाली की स्लोला टिकत न्हाय. राजारामपुरीत जिथं थांबंल तिथं बंद. मागनं रिक्षावाले शिव्या घालत्यात."

शिवाप्पाने कार्बोरेटर खोलला, प्लग बदलले, टायमिंग पाहिलं, कुठून हवा ओढतेय का म्हणून नळ्यांचे सगळे जोड तपासले. स्लोचा स्क्रू पिळला की इंजिन टिकायचं, पण मग उभी गाडीसुद्धा घाट चढत असल्यासारखी ओरडायची. शेवटी त्याने कॉम्प्रेशन, म्हणजे सीलांनी धरून ठेवायचा आतला दाब, मोजलं. ते निम्म्यावर आलं होतं. म्हणजे सीलं गेली होती.

सकाळी दहाच्या चहाला सगळी गल्ली टपरीवर जमते. तिथे सगळ्यांदेखत शिवाप्पा म्हणाला, "कृष्णात, तुझ्या सीलांनी माझं नाव घालीवलं. गिरणीचे पट्टे बदलत बस जा, इंजिन तुझं काम न्हवं."

लोक हसले. मीही हसलो. त्याची मला आजही लाज वाटते. कृष्णातने अर्धा चहा तसाच ठेवला, आपली हत्यारं पिशवीत भरली आणि पेठ वडगावला आपल्या घरी निघून गेला. तिथे तो खरंच पिठाच्या गिरण्या दुरुस्त करू लागला. अठरा वर्षांची जोडी पाच मिनिटांत मोडली.

गाडी दीड वर्ष ताडपत्रीखाली पडून राहिली. मग अण्णांनी बाहेरदेशातून अस्सल सीलं मागवली. शिवाप्पाने ती बसवली, रुमाल लावून खात्री केली, आणि चार महिन्यांनी गाडी पुन्हा गरम झाली की स्लोला बंद पडू लागली. आता दोष द्यायला कृष्णात नव्हता. शिवाप्पाने इंजिन उघडलं, तर अस्सल सीलंसुद्धा कोरडी घासून गेलेली. त्याने मला हाक मारून ती दाखवली.

त्या इंजिनात तेलाची एक बारीक नळी होती. थेंब थेंब तेल आत जावं, सीलांना वंगण व्हावं आणि जळून जावं, अशी मुळातलीच सोय. ते इंजिन तेल खाऊनच जगायचं. शिवाप्पाने रुमालावर डाग दिसला म्हणून ती नळी बंद करून टाकली होती. दोन्ही वेळा.

दुसऱ्या दिवशी आम्ही वडगावला गेलो. शिवाप्पा एकट्याने जायला कचरत होता. कृष्णातने पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"चूक माझी हुती," शिवाप्पा म्हणाला. "परत ये."

"हितं माझ्या घरात सांगून काय उपेग?" कृष्णात म्हणाला. "चारचौघांत बोललास, तर चारचौघांत सांग. मग बघू."

सोमवारी दहाच्या चहाला कृष्णात टपरीपाशी येऊन उभा राहिला. शिवाप्पाचा आवाज एरवी दोन गल्ल्या पलीकडे जातो. त्या दिवशी पहिलं वाक्य माझ्यापर्यंतही पोचलं नाही. मग घसा खाकरून तो पुन्हा म्हणाला, "कृष्णातच्या सीलात खोट न्हवती. तेलाची नळी मीच बंद केल्ती. उगंच त्येला बोललो."

"कुठली सीलं?" जोतीराम वेल्डरने विचारलं.

शिवाप्पाने पहिल्यापासून सगळं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या आणि पुन्हा आपापल्या गप्पांना लागले. ती गोष्ट कुणाला आठवतच नव्हती. मला आठवत होती, पण ते सांगायला मला तोंड नव्हतं. जोतीरामने मात्र कृष्णातच्या पाठीवर थाप मारली.

"लई दिवसांनी दिसलास. आजारी हुतास काय रं?"

ह्याच लोकांच्या हसण्याला भिऊन कृष्णात दोन वर्षं कोल्हापुरात फिरकला नव्हता, साधा बोल्ट लागला तरी सांगलीहून आणत होता.

"व्हय," तो म्हणाला, "आजारीच हुतो."

आणि शिवाप्पाची वाट न बघता तो गॅरेजात शिरला.